काड्यापेटीतले तीस भुंगेरे

शैला काहीतरी लपवतेय, हा संशय प्रमिलाबाईंच्या मनातून जाता जात नव्हता. शनिवारी ती धुळ्याहून पिंप्राळ्याला घरी आली ती थेट आपल्या खोलीत गेली आणि वही उशीखाली सारून बसली. मुद्दाम शेवभाजी केली, तरी अर्ध्या भाकरीवर उठली.

"सर काही बोलले का?"

"काही नाही."

"मग तोंड का उतरलंय?"

"आई, तू सीआयडीत असायला हवी होतीस."

टोमण्याने गप्प बसतील त्या प्रमिलाबाई नव्हेत. त्या अमळनेरच्या कॉलेजातून बी.ए. झालेल्या; चोवीस वर्षांची मुलगी जेवत नाही याचा अर्थ एकच, कुणीतरी मुलगा, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. शैला आंघोळीला गेली तेव्हा त्यांनी तिची पर्स उघडून पाहिली. एसटीचं तिकीट, भिंग, आणि कागदात गुंडाळलेली गाजरगवताची सुकलेली फांदी. चिठ्ठी नाही, फोटो नाही. त्यांचं समाधान झालं नाही. पोरगी हुशार, पर्समध्ये कशाला ठेवील?

तशी शैला लहानपणापासून प्रश्न विचारून भंडावणारी. मामा, म्हणजे प्रमिलाबाईंचा धाकटा भाऊ चुडामण, अमळनेर तालुक्यातला शेतकरी. निंदणीत गाजरगवत हाताने उपटून उपटून त्याचे हात कोपरापर्यंत काळे, भेगाळलेले. वैशाखातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा आणि रात्रभर खाजवत बसायचा. दहा वर्षांच्या शैलाने त्याला विचारलं होतं, "मामा, हे गवत आपलं आहे का?"

"आपलं कशाचं? बाहेरून आलं म्हणतात, गव्हाबरोबर."

"मग तिकडे त्याला कोण खातं?"

शैला पुढे कीटकशास्त्र शिकली, त्याचं मूळ त्या प्रश्नात होतं. गाजरगवत खाणारा मेक्सिकोतला भुंगेरा सरकारी शास्त्रज्ञांनी देशात आणला होता. धुळ्याच्या कॉलेजात शैला सरांच्या मार्गदर्शनाखाली त्याच्यावरच काम करत होती. मिठाईच्या डब्यांत, वरून मलमलीचं कापड बांधून, ती ते भुंगेरे ठेवायची. सुटीला घरी येताना डबे बरोबर आणायची, कारण त्यांना रोज ताजा पाला लागे. शेजारणी हसायच्या, "प्रमिलाताई, जावई हुंड्यात किडेच मोजून घेणार वाटतं!"

घरादाराला वाटे, शैला किडे पाळते. खरं तर तिचा त्या किड्यांवर विश्वासच नव्हता. गवत संपलं की हे काय खातील, सूर्यफूल खातील का, हेच तिला शोधायचं होतं. "एक पाहुणा घालवायला आपण दुसरा आणला," ती म्हणायची. "आता दुसऱ्यावर नजर कोण ठेवणार? पुढे हे काम प्रयोगशाळेतून होणार नाही, आई. कुठे सोडले, कधी, किती, याच्या वह्या गावोगावच्या लोकांनीच ठेवायला हव्यात."

रविवारी दुपारी शैला पाला आणायला रुळांकडे गेली आणि इकडे चुडामण दारात उभा राहिला. पाणीसुद्धा न पिता त्याने पिशवीतून वर्तमानपत्राची घडी काढली. आत सूर्यफुलाचं पान होतं. चाळणीसारखं.

"झुलालना वावरमधलं शे," तो म्हणाला. झुलाल त्याचा चुलतभाऊ. "कॉलेजनी जीप वनी व्हती. शैलाना सर म्हने, आम्ही या गावात किडा सोडलाच नाही. मंग शैलानीच चोरून सोडात, असं त्यास्नं म्हणनं. पंधरा दिवसात खुलासा दे, नाहीतर काम बंद."

म्हणजे पोरगी याच्यामुळे जेवत नव्हती. प्रमिलाबाईंच्या मनातला तो न पाहिलेला मुलगा क्षणात नाहीसा झाला, पण नवा संशय येऊन बसला. मामाच्या हातांसाठी शैलानेच गुपचूप सोडले नसतील ना?

"तुला कोणी दिले भुंगेरे? शैलानं?"

"अक्का, तूच दिन्हात ना! कानबाईना दिन, काड्यापेटीमा."

प्रमिलाबाईंना आठवलं. श्रावणातला तो रविवार, कानबाई देवीच्या सणाचा. घरात पंचवीस माणसं, प्रसादाचे रोट, तुपाचा वास, पुरणाची घाई. चुडामणने हात दाखवून म्हटलं होतं, "भाचीना किडामधून थोडासा दे ना." शैला गच्चीवर होती. तिला विचारलं तर ती नाहीच म्हणेल, हे ठाऊक होतं. त्यांनी एका डब्याचं कापड सोडून रिकाम्या काड्यापेटीत पाचपाच करत तीस भरले. तीनशेत तीस, कोणाला कळतंय! संध्याकाळपर्यंत त्या विसरूनही गेल्या.

"पण तुझ्याच बांधावर सोडलेस ना?"

"एकला कसा ठेवू वं अक्का? कानबाईना दिन घरमा वनं. बठ्ठा भाऊबंदस्ले वाटी दिन्हात."

त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. रोट भाऊबंदांबाहेर जात नाहीत आणि भाऊबंदांत कोणाला वगळायचं नसतं. तसेच भुंगेरेही त्याने वाटले होते: सहा घरं, प्रत्येकी पाच. प्रमिलाबाईंनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि त्याच्याकडून सहाही शेतांची नावं लिहून घेतली.

तो गेल्यावर त्यांनी उशीखालची वही काढली. कानबाईच्या दुसऱ्या दिवसाची नोंद सापडली: 'डबा क्रमांक तीन. तीस कमी.' पुढे कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'माहीत नाही'. त्याआधी एक शब्द खोडला होता. त्यांनी पान खिडकीकडे धरलं. शाईच्या गिचमिडीखाली अक्षरं दिसली. 'आई?'

दोन महिने पोरीने संशय मनात ठेवला होता. आईला विचारलं नाही, सरांना सांगितलं नाही. आणि आई तिची पर्स धुंडाळत बसली होती.

शैला पाल्याची पिशवी घेऊन आली. उंबऱ्यातच थबकली. "मामा आला होता? त्याची टोपी राहिलीय."

"हो."

"काय म्हणाला?"

"काही नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या.

शैलाने एकदा आईकडे, एकदा उशीकडे पाहिलं. सांगितलं असतं तर शैला म्हणाली असती, राहू दे, तुझं नाव कशाला. आणि झुलालच्या सूर्यफुलाच्या पानांची चाळणी कशाने झाली, भुंगेरे ती पानं खातात की नुसते बसतात, हे कळायला तर कुठे, कधी, किती सोडले याचा हिशेबच हवा होता. तो आता प्रमिलाबाईंकडे होता.

सोमवारी सकाळी शैला धुळ्याच्या बसने जाईल. शैलाच्या वहीत ठेवलेल्या कॉलेजच्या पत्रावर सरांचा नंबर होता. तो त्यांनी कॅलेंडरच्या पानावर, सहा शेतांच्या नावांच्या वर उतरवून घेतला. शैला सरांसमोर उभी राहायच्या आत, चौकातल्या एसटीडी बूथवरून फोन करायचा. पहिलं वाक्यही ठरलं: "मी शैलाची आई. ते तीस भुंगेरे मी दिले. लिहून घ्या, कुठे कुठे गेले ते सांगते."