कपाळावरचे दोरे आणि मधाचं पाणी

तान्ह्या मुलाच्या उचक्यांवर मी लिहावं हा आगाऊपणाच आहे. ज्या दिवसांबद्दल लिहितोय, तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि मूल नीट धरताही येत नव्हतं. काही चुकलं तर माफ करा.

ताई बाळंतपणाला नाशिकजवळच्या आमच्या मळ्यात आली होती. तिच्या मुलीला दूध पिऊन झालं की उचक्या लागत. मग बघायला आलेली कुणीतरी बाई पदराचा दोरा तोडायची, जिभेवर ओला करायची आणि मुलीच्या कपाळावर चिकटवायची. आधीचा दोरा कुणी काढत नसे. एकदा पाच दोरे होते.

"आतडं वाढतंय तिचं, चांगलंच हाय," शेजारची मावशी म्हणायची. आणि लगेच आईला, "मधाचं पाणी आण गं, थांबंल."

मग सगळ्या माझ्याकडे वळायच्या. घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. "तू सायन्सला ना रं? सांग की मग!"

आम्हाला तेव्हा बेडूक शिकवत होते.

महिन्याने दवाखान्यात वजन केलं, तर मुलगी जन्मली तेव्हा होती तेवढीच. सिस्टरनी विचारलं, "पाणी किती वेळा पाजता?"

"उचकी लागंल तवा. सात-आठ येळा," आई म्हणाली.

"अहो, मग दूध मावणार कुठं? मध, पाणी सगळं बंद. उचकी आपली आपण थांबते. पाजल्यावर खांद्यावर उभी धरा, ढेकर काढा. पंधरा दिवसांत वजन वाढलं नाही, तर ॲडमिट करावं लागेल."

घरी येऊन मी मधाची बाटली लपवली. मावशीने स्वतःच्या घरून आणली. मी ओरडलो, तर म्हणाली, "तू किती लेकरं वाढवलीस रं?" प्रत्येक वेळी दूध पाजून झालं की मी मुलीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचो. जरा खाली ठेवली की कुणाचं तरी मधात बुडवलेलं बोट तिच्या तोंडात.

चार दिवसांत दाजी दोघींना मालेगावला न्यायला आले. "तू सासूबाईंना सांगशील ना?" मी ताईला विचारलं.

"मी? त्यांना?" ती म्हणाली.

म्हणून एसटीच्या दारात मी दाजींनाच सिस्टरचं सगळं सांगितलं. ते हसले. "साहेब, तुम्ही आधी पास तर व्हा."

मी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. पंधरा दिवस झाले, अठरा झाले. शेवटी वाण्याच्या दुकानावर दाजींचा फोन आला.

"आज काट्यावर घातली. अर्धा किलो वाढली."

"आणि पाणी?"

"बंद हाय. आईला मीच सांगितलं. लय बोलली मला."