घराला नेसवायच्या फळ्या

सातपूरच्या लाकडाच्या वखारीत आम्ही नवरा-बायको भांडत होतो. आमच्या घराचा लाकडी सांगाडा उभा राहिला होता, आता बाहेरून फळ्या ठोकायच्या होत्या. मला राखाडी सिमेंटच्या हव्या होत्या, हिला तांबूस देवदाराच्या.

रिकामी पिशवी घेतलेली एक अनोळखी बाई मध्येच म्हणाली, "छपराखाली अंधारात काय कळतं? साडी कशी, उन्हात नेऊन पाहतो आपण!"

निघाली वरात रस्त्यावर! बाईंनी तांबूस फळी हिच्या खांद्यावर पदरासारखी टाकली, दोन पावलं मागे सरल्या, मान कलती केली. "फिरा जरा, ताई." हिने अशी गिरकी घेतली, की फळी चुकवायला एक रिक्षावाला खाली वाकला. मग मीही राखाडी फळी घेऊन फिरलो.

"दादा, ही सुतकात नेसायची!"

हसून हसून पोटं दुखली. तांबूस फळ्या ठरल्या.

"मावशी, तुमचं घर कशाचं?" मी विचारलं.

"पत्र्याचं हे. म्हणून तर लय दिवसांची हौस इथं फेडून घेतली!" म्हणत त्या हसतच चुलीसाठी पिशवीत ढलप्या भरायला गेल्या.

अजूनही उन्हात घर पाहताना माझी मान त्यांच्यासारखीच कलती होते.