कापसावरची सावली

माझी बायको तसबिरीत उमटली होती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

तिकडे अमेरिकेत लढाई पेटलेली आणि इकडे आमच्या कापसाला कधी नव्हता असा भाव. त्या दिवसांत अकोल्याच्या बाजारात एक तसबीरवाला आला होता. व्यापाऱ्यांसाठी तो मालाच्या तसबिरी काढी. ढिगाची उंची कळावी म्हणून त्याने मला आमच्या कापसापुढे उभं केलं आणि गाडीत बसलेल्या माझ्या बायकोलाही खाली बोलावलं. "हलायचं नाही. पेटीच्या काचेकडे पाहा," म्हणाला. मी श्वास धरून काचेकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

आठ दिवसांनी मी एकटाच जाऊन तसबीर आणली. तिचा चेहरा जरा पुसट होता, पण हसू लपत नव्हतं. वडीलधाऱ्यांसमोर आम्ही कधी शेजारी उभे राहिलो नव्हतो, दिवसा एकमेकांशी बोलतही नसू. हे वडिलांच्या हातात कसं द्यायचं? बाजारातल्या शिंप्याची कात्री मागितली, तिची बाजू कापली आणि मोर्णा नदीत सोडून दिली.

घरात सगळ्यांचं पाहून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "अन् मी कुठी गेली?"

"तू हालली. हालते ते उमटत नाई."

तिला ते पटलं. विहिरीवर बायका चिडवत, "नवरा तं आला वो, तू कुठी पळाली होती?" ती हसून म्हणे, "मीच हालली. माह्याच्यानं धड उभं राहावते का?" पुढच्या वर्षी बाळंतपणात ती गेली. तेच खरं समजून गेली.

तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी काचेकडे पाहत होतो. ते पाहणं मला ठाऊक आहे ते फक्त त्या कापलेल्या तुकड्यावरून.

कात्रीतून एवढंच सुटलं. सकाळचं तिरपं ऊन होतं. तिची सावली माझ्या पायांवरून कापसावर गेली आहे. वडील म्हणत, बैल असेल. शेजारी म्हणे, झाड. मला त्यात डोक्यावरचा पदर दिसतो, माझ्याकडे वळलेली मान दिसते. दुसऱ्या कोणाला दिसत नाही.

तसबीर आता अमरावतीला, लेकीच्या घरी आहे. परवा गेलो तर लेक ती भिंतीवरून काढून पदराने पुसत होती.

"बाबा, हे बाभळीची सावली असन ना?" आणि मग, "आई हालली नसती तं मले तिचं तोंड तरी दिसलं असतं."

मी "असन" म्हणालो आणि पाणी मागितलं.

तुझी आई उमटली होती, मी तिला कापली, आणि कापसावर आहे ती तिचीच सावली: एवढं लेकीला सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.