दोन काचांमधलं धुकं

काचेच्या दुकानात फुटक्या तुकड्यांचा ढीग लागतो, तसा किश्शांचाही लागतो. तुकडे भंगारवाला पोत्यात भरून नेतो. किस्से मात्र कुणी नेत नाही, ते आपल्यालाच सांभाळावे लागतात!

राहुरीतलं आमचं काच-अॅल्युमिनियमचं दुकान. दुकानात आम्ही तिघं. थोरला भाऊ अशोक, म्हणजे आमचा दादा. त्याचा शाळेपासूनचा दोस्त नजीरभाई, तो काच कापायचा. आणि बडबड करून गिऱ्हाईक धरून ठेवायला मी. फुशारकी म्हणा हवं तर, पण दादाने बसवलेल्या खिडकीतून वारासुद्धा विचारून आत यायचा. आमचे आबा, म्हणजे वडील, उमेदीची सगळी वर्षं ऊसतोडीला गेलेले. आमच्या घरात दादाच्या आधी कुणाच्या नावाची पाटी कुठे लागली नव्हती. आता लागली होती, आणि ती उतरवायची पाळी येऊ नये एवढीच आबांना धास्ती.

* * *

दादाने पुण्यात एका ऑफिसात डबल काचेची खिडकी पाहिली. दोन काचा, मध्ये बोटभर पोकळी, कडेने सगळं सीलबंद. बाहेर एवढी रहदारी, आत चिडीचूप! हा गडी तिथेच वेडा झाला. राहुरीत आला आणि ट्रायल म्हणून पहिली खिडकी आमच्याच घराला बसवली.

आबा म्हणाले, "येका काचंतून दिसंना व्हय तुला?"

"आबा, बाहेरचा आवाज आत येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला दारात ओरडून ओरडून निघून गेला. कुणाला पत्ताच नाही! सगळ्यांनी कोरा चहा घेतला. आबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आवाज बंद झाला, मान्य हाय. आता दुधाचं काय?"

* * *

पण बातमी पसरली. कोल्हारच्या शिंदेबाई दुकानात आल्या. बाई हायस्कूलला गणित शिकवायच्या. घर नगर-मनमाड रोडला अगदी खेटून. कारखान्याचा सीझन सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरवरचे टेप बोंबलत जायचे, ट्रकचे हॉर्न वेगळेच. बाईंच्या म्हाताऱ्या आईचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

दादाने भर पावसाळ्यात खिडकी बनवली. झकास! बाई खूश, आई घोरायला लागली. आणि दिवाळीची थंडी पडली तशा बाई पुन्हा दुकानात हजर.

"अशोकभाऊ, खिडकीत धुकं आलंय."

"सकाळी येतंच, बाई. फडक्याने पुसून घ्यायचं."

"बाहेरून पुसलं, आतून पुसलं. धुकं मधे आहे. तिथे हात कुठून घालू?"

दादाच्या तोंडचं पाणीच पळालं. बाई पुढे म्हणाल्या, "गावातले लोक येऊन बघून जातात. मी सगळ्यांना सांगितलंय, अशोकभाऊंचं काम आहे, नीट होईल. संक्रांतीपर्यंत बघते. नाही झालं तर काढून न्या."

घरी आबांना कळलं. ते जेवताना एवढंच बोलले, "कोल्हारात आपलं नाव कुनाला ठावं नव्हतं. आता झालं!" दादा अर्ध्या भाकरीवरून उठला.

* * *

नजीरभाईचं डोकं भन्नाट. "वाफ कोंडलीय ना? मग तिला बाहेर यायला वाट करून देऊ!" त्याने दोन काचांमधल्या अॅल्युमिनियमच्या पोकळ पट्टीला बारीक भोक पाडलं. आमच्या वहिनीने आणखी एक उपाय सुचवला. पावसाळ्यात मीठ ओलं होऊ नये म्हणून बरणीत तांदूळ टाकतात, तसे खिडकीतही टाका! दादाने काचा उकलून खालच्या पट्टीत मूठभर तांदूळ पसरले आणि पुन्हा बंद केल्या.

आठवडाभरात बाईंचा निरोप आला, लगेच या. आम्ही गेलो तर खिडकीसमोर गल्लीतली सगळी पोरं मांडी घालून बसलेली! नजीरभाईच्या भोकातून मुंग्या आत शिरल्या होत्या, आणि वहिनीचा तांदूळ डोक्यावर घेऊन ओळीने बाहेर निघाल्या होत्या. काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं, एवढं मात्र खरं!

बाई म्हणाल्या, "मी खिडकी मागितली होती, अशोकभाऊ. सर्कस नाही."

* * *

त्यानंतर बाई म्हणाल्या, "आता बनवताना मी स्वतः बघणार." रविवारी एसटीने आल्या आणि दुकानात स्टूल ओढून बसल्या.

आता दादाची एक सवय सांगायला हवी. दुकानातून कुठलीही काच जाण्याआधी नजीरभाई ती ओल्या पेपराने पुसायचा. मग दादा तिच्याजवळ तोंड नेऊन "हाऽऽऽ" करून मोठी फुंकर मारायचा आणि बाहीने रगडायचा. हा त्याचा शेवटचा हात. डाग राहू नये म्हणून! हा "हाऽऽऽ" झाल्याशिवाय काच दुकानाबाहेर जात नसे. गिऱ्हाइकं कौतुकाने बघत राहायची.

नजीरभाईने ओला पेपर फिरवला. दादाने जोरात "हाऽऽऽ" केलं, रगडलं आणि लगोलग दुसरी काच वर ठेवून कडा चिकटवायची सिलिकॉनची नळी उचलली.

"थांबा!" बाई वर्गात ओरडायच्या तशा ओरडल्या. "आत्ता काचेवर काय केलंत?"

"शेवटचा हात फिरवला, बाई."

"अहो, वाफ तुम्हीच कोंडताय आत!"

दादा हातातल्या नळीकडे बघत राहिला. मग एकदम हसायला लागला. एवढ्या दिवसांनी हसला, म्हणून आम्हीही हसलो. नजीरभाई म्हणाला, "मी तर म्हणतो, पाटीवरच लिहू या. मालकाचा श्वास मोफत!"

* * *

त्या दिवसापासून काच बंद करताना दादा आणि नजीरभाई तोंडाला फडकी बांधायला लागले. ओला पेपर बंद, "हाऽऽऽ" बंद. काच आधी दुपारभर उन्हात वाळवायची, मगच काम.

तेव्हा सुरतेच्या प्लेगच्या बातम्या अजून लोकांच्या डोक्यात ताज्या होत्या. वांबोरीचे एक पाहुणे आरसा घ्यायला आले. फडकी बांधलेले दोघं बघून पायरीवरच थबकले.

मी म्हटलं, "या ना, बसा."

ते म्हणाले, "न्हाई, आमी नगरला घेऊ!"

* * *

एवढं करूनही दादाच्या मनाला समाधान नव्हतं. हवेतच ओल असली तर काय करायचं? कृषी विद्यापीठात बियाणं साठवतात, त्या डब्यात ओल शोषणारे निळे खडे टाकतात, हे त्याला कुणीतरी सांगितलं. हा पठ्ठ्या नगरच्या केमिकलच्या दुकानातून ते खडे घेऊन आला. ओल प्याले की ते गुलाबी पडतात, भाजले की पुन्हा निळे. खिडकीची पोकळ पट्टी भरायची तर खडे एकदम कोरडे हवेत. म्हणून दादाने घरी चुलीवर जुना तवा चढवला आणि वहिनीला खडे भाजायला बसवलं.

शेजारच्या काकू डोकावल्या. "काय भाजतीस गं? रंग लई न्यारा दिसतोय."

वहिनी तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "खिडकीचा नाश्ता!"

वहिनीने तो तवा पुन्हा भाकरीला लावला नाही. त्यावर खडूने लिहिलं, "दुकान".

* * *

बाईंच्या घरी नवी खिडकी बसली. मग आम्ही नुसते थंडीची वाट बघत राहिलो. ऊन हवं म्हणणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण कडाक्याची थंडी पडू दे म्हणून वाट बघणारा माझा दादाच!

संक्रांतीच्या आधी एका सकाळी ती पडली. राहुरीतच समोरचं दिसत नव्हतं, मग कोल्हारला प्रवरेच्या काठी काय असेल! दादाने टेम्पो काढला. नजीरभाई आणि मी मागे चढलो. बघतो तर आबा घोंगडी पांघरून आधीच पुढच्या सीटवर बसलेले.

"तुम्ही कशाला, आबा?"

"येतो. काय व्हायचं ते माज्या म्होरं होऊ दे."

वाटभर दादा टेम्पोची समोरची काच बाहीने रगडत राहिला.

आम्ही पोचलो तोवर सूर्य वर आला होता आणि रस्त्यावरचं धुकं विरत होतं. बाईंनी दार उघडलं. "आधी चहा घ्या," म्हणत आम्हाला बसवलं आणि चहा टाकायला आत गेल्या. दादा खाली मान घालून खुर्चीच्या टोकाला बसला. खिडकीकडे बघायची त्याची हिंमत होईना. माझीही नव्हती.

आबांना काही बसवेना. टेम्पोत बसल्यापासून त्यांच्या गालात तंबाखूचा बार होता. बाहेर उसाचे ट्रॅक्टर चालले होते, तेच आयुष्यभराच्या ओळखीचे. ते बघायला आबा उठले, खिडकीशी गेले, थोडे वाकले, आणि त्यांनी बाहेर रस्त्यावर जोरात पिचकारी मारली.

पिचकारी रस्त्यावर गेलीच नाही. आबांच्या नाकासमोर हवेत थांबली आणि खाली ओघळायला लागली.

आबा चमकले. त्यांनी हळूच एक बोट पुढे केलं. बोट टेकलं. "हितं काच हाय व्हय?"

चहाचा ट्रे घेतलेल्या बाई दारातच उभ्या राहिल्या. नजीरभाई शरमेने अर्धा झाला. खांद्यावरचं फडकं ओढून तो पुसायला धावला, तेवढ्यात दादाने त्याचं मनगट पकडलं. दादाचे डोळे भरलेले, आणि चेहरा असा उजळलेला की मी तसा कधी पाहिला नव्हता.

"हात लावू नकोस, नजीर!" तो ओरडला. "आधी गावातल्या चार माणसांना बोलावून आण!"