भांडीवाल्यांचं हाडवैर

भैया, तुम्हीच सांगा, भरोसा कोणावर ठेवावा? गोड बोलणाऱ्यावर, की तोंडावर शिव्या घालणाऱ्यावर? रायपूरच्या बाजारात माझं ताडपत्रीचं दुकान. झोळ पडलेल्या ताडपत्रीत पाणी साचावं तसे इथे किस्से साचतात!

माझ्या डाव्या हाताला बबनरावांचं भांड्यांचं दुकान, उजव्या हाताला वसंतरावांचं. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, गिऱ्हाईक वाढलं, अन् दोघांनीही कसम खाल्ली, "त्याचं शटर पाडूनच दाखवीन!"

*

सिलतऱ्याच्या कारखान्यातला एक कॅन्टीनवाला मोठे गंज, म्हणजे पातेली, घ्यायला आला. बबनराव त्याला म्हणाले, "तिकडे जाऊ नका, तो चोर आहे." पठ्ठ्या मुद्दाम तिकडे गेला अन् सगळं सांगितलं.

वसंतराव उखडले, "मले चोर म्हणून राहिला? तो चोर नाही, मी लिहून देतो. चोराले अक्कल लागते!"

*

अख्खी गल्ली त्यांना हाडवैरी म्हणायची. मी आठवी नापास. रिटायर झालेले एक गुरुजी वसंतरावांकडे बादली पाहत होते, त्यांना विचारलं, हा शब्द आला कुठून?

"वीर या शब्दावरून वैर," गुरुजी म्हणाले. "ते हाडापर्यंत मुरलं की हाडवैर."

वसंतराव खूश! "वीर मी. हाड त्याले देऊन टाका."

"द्या, द्या!" तिकडून बबनराव ओरडले. "चघळाले तोच येईल!"

गुरुजी बादली न घेताच गेले.

*

एकदा बबनरावांचं दुकान दोन दिवस बंद. तिसऱ्या दिवशी वसंतराव त्यांच्या घरी जाऊन आले.

मी म्हटलं, "तब्येत विचाराले गेले होते?"

"मेला का, ते पाहाले गेलो होतो."

"मग?"

"नाही मेला. ताप आहे. वरून चहा पाजला. तोही फिका!"

*

अन् मग वसंतरावांना डॉक्टरनं बायपास सांगितलं. ऐन लगनसराईत! मुलगा पुण्याला. दुकान बंद राहिलं तर अभनपूरकडचं लग्नाचं गिऱ्हाईक कायमचं जाणार. वसंतरावांचा साळा म्हणाला, मी बसतो. मीही म्हणालो, मी बसतो.

वसंतरावांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, अन् सरळ बबनरावांच्या दुकानात शिरले. काउंटरवर किल्ल्या ठेवल्या.

बबनराव म्हणाले, "काहून बे, मलेच काहून? मी तर तुयं शटर पाडाले बसलो!"

"हव, पाडजो," वसंतराव म्हणाले. "पण पाडेपर्यंत एकेका चमच्याचा हिशेब इमानदारीनं ठेवजो!"