एकाच वर्षाची लीग

लेकीच्या बुटांना पॉलिश करताना चामड्याचा वास आला आणि माझा बेसबॉलचा ग्लोव्ह, चंदीगडचं ते मैदान आठवलं. बाबांची तिथं बदली झाली होती, मी कॉलेजात बेसबॉल खेळायचे, आणि मुलींची पहिली व्यावसायिक लीग सुरू होणार म्हणून निवडचाचणी होती. मी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. तो झेलणारी माझी मैत्रीण जवळच्या खरड गावाहून बसने यायची. माझा ऐनवेळी खाली बुडणारा चेंडू फक्त तिलाच झेलता यायचा. त्या सकाळी धुक्यात सराव करताना तोच चेंडू तिच्या उजव्या अंगठ्यावर बसला. अंगठा टम्म सुजला. मला रडू फुटलं, तर तीच म्हणाली, “चुप कर यार, तू बस बॉल डाल.” पट्टी बांधून तिनं माझा एकेक चेंडू झेलला. पण तिची फलंदाजीची पाळी आली तेव्हा तिला बॅट धरताच येईना. मी धावत जाऊन निवड करणाऱ्या सरांना सगळं सांगितलं. ते हळहळले, पण म्हणाले, “चोट लगी है तो कैसे लें, बेटा?” माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा पहिली मिठी तिनंच मारली. पुढच्या वर्षी ती लीग भरलीच नाही. आता ती खरडला मुलींना खेळ शिकवते आणि फोनवर अजून विचारते, “बता ना, कैसा था वो सीझन?” मी म्हणते, “ठीकठाक था.” त्या सीझनमध्ये होते तेवढी खूश मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही, हे तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही.