मुदस्सिरची मावशी

बाबिकरची आई वारली हे आख्ख्या अतबरा गावाला माहीत होतं, एका बाबिकरला सोडून. त्याच्या मामांनी सुदानमधून मला फोनवर बजावलं होतं, "अवाद, पोराची परीक्षा होईपर्यंत तोंडाला कुलूप लाव. नापास झाला तर शिष्यवृत्ती जाईल, आणि ती गेली की इजिप्तमध्ये राहायचा परवानाही जाईल. मग कुठं जायचं त्यानं? इथं युद्ध पेटलंय." मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. परदेशी शिकणाऱ्या मुलापासून घरातलं मरण लपवायचं ही आमच्यातली जुनीच रीत. मला तिचा मनापासून राग येतो, तरी मी हो म्हणालो.

परीक्षा तोंडावर आली, आणि नेमका तेव्हाच बाबिकरला समुद्र बघायचा होता. तो असियूतला शेतकी शिकत होता, मी कैरोत एका गोदामात कारकुनी करत होतो आणि मुदस्सिर अलेक्झांड्रियात कापडाच्या दुकानात होता. खार्तूमच्या विद्यापीठात आम्ही तिघं एकाच खोलीत राहायचो. युद्धानं दाही दिशांना पांगवल्यापासून एकत्र भेट नव्हती. म्हणून त्यानं अलेक्झांड्रियाचा बेत काढला, तेव्हा नाही म्हणायला मला कारण सापडेना.

बाबिकर म्हणजे ताडमाड उंच, हळू बोलणारा गडी. अभ्यासात यथातथाच. पण वसतिगृहात कुणाच्या घरी कुणी गेल्याची बातमी आली की सतरंज्या अंथरायला, चहा करायला, रडणाऱ्याजवळ बसून राहायला हा सगळ्यांच्या आधी हजर. "हा मयतीतच पदवी घेणार," असं आम्ही त्याला चिडवायचो. तो हसायचा आणि पुढच्या खोलीत जायचा.

मुदस्सिरला मी स्टेशनवर सगळं पढवून ठेवलं. हसायचं, मिठी मारायची, घरचा विषय काढायचा नाही. गाडी आली. बाबिकर पिशवी सावरत उतरला, आम्हाला बघून दात काढत समोर आला, आणि मुदस्सिरनं त्याच्यापुढे दोन्ही तळवे उघडून धरले.

सुतकातल्या माणसाला पहिल्यांदा भेटलं की आधी असे हात धरून गेलेल्यासाठी फातिहाची प्रार्थना म्हणायची, गळाभेट नंतर. हे आमच्या हाडात मुरलेलं. मुदस्सिरला शिव्या तरी कोणत्या तोंडानं देणार, माझेही हात अर्धे वर गेलेच होते.

बाबिकरनं पिशवी खाली ठेवली. त्यानंही तळवे उघडले, शांतपणे फातिहा म्हटली, हात तोंडावरून फिरवले. मग मुदस्सिरला जवळ घेऊन विचारलं, "कोण गेलं रे तुझं?"

मुदस्सिर ढसाढसा रडू लागला. आता तो काय बोलून बसेल या धास्तीनं मीच म्हणालो, "त्याची मावशी."

समुद्र राहिला बाजूला. किनाऱ्यावरच्या बाकावर बाबिकरनं मुदस्सिरला आमच्या दोघांच्या मधे बसवलं, संत्रं सोललं आणि एकेक फोड त्याच्या हातावर ठेवत राहिला. दुपारी मासे खायचे ठरले होते, ते त्यानं रद्द केलं. मावशीला काय झालं होतं, शेवटी जवळ कोण होतं, विचारतच राहिला. मुदस्सिरची मावशी चांगली ठणठणीत होती, तिला मारायला त्याची जीभ रेटेना. खोटं रचायलाही डोकं लागतं, आणि माझं तर बधिर झालं होतं. म्हणून मी बाबिकरच्या आईचंच मरण त्याला सांगू लागलो. साखरेचं दुखणं होतं, इन्सुलिन संपलं, रस्ते बंद होते, शेजाऱ्यांनी खाटेवरून दवाखान्यापर्यंत नेलं पण आत औषधच नव्हतं.

बाबिकरचे डोळे भरून आले. "माझ्या आईलाही हेच दुखणं," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "मावशी अतबऱ्यातच राहायची ना?"

मुदस्सिरनं मान डोलावली.

"मग आईनं मला कळवलं कसं नाही?"

"फोन कुठं लागतात," मी म्हणालो.

"घरून माझ्या भावाचा निरोप येतो की. आई बरी आहे, अभ्यास कर. एवढंच येतं हल्ली." तो सावकाश बोलत होता. "गावात कुणी गेलं की आधी आई मला कळवते. अमक्याला फोन कर, तमक्याचं सांत्वन कर म्हणून मागं लागते. शेजारणीची शेळी मेली तेव्हासुद्धा तिनं कळवलं होतं."

त्यानं आधी मुदस्सिरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला त्याची नजर सोसवेना.

"मातीला कोण होतं?" त्यानं विचारलं.

"मामा होते. सगळी आळी होती," मी म्हणालो. आणि जिभेला दुसरं काही सुचेना म्हणून पुढे म्हणालो, "बाबिकर, परीक्षा आहे रे तुझी."

"आहे," तो म्हणाला. उरलेलं संत्रं त्यानं बाकावर ठेवलं, हात पुसले आणि उभा राहिला. "उठा दोघं. पुन्हा तसे हात धरा. मघाची फातिहा मी मुदस्सिरच्या मावशीच्या नावानं म्हटली."